तीन टाके

माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तीन टाक्यांची खूण आहे. कोणी विचारलं की मी ‘ग्रास कटर लागला’ असं सांगून मोकळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पात्याने कापलं. पातं बिचारं तेव्हा काढून पडवीच्या कोपऱ्यात ठेवलेलं होतं. मला कापलं ते दोरीच्या चकतीतल्या स्प्रिंगने, आणि तेही मशीन बंद असताना.

रत्नागिरीजवळ आमची थोडी हापूसची कलमं आहेत. पाऊस उघडला की कलमांखालचं गवत कमरेला लागतं. बेणणीला गडी मिळेनात, म्हणून 52 सीसीचा टू-स्ट्रोक ग्रास कटर घेतला. पहिली दोन वर्षं तो शहाण्यासारखा वागला. तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, दोरी ओढली ती परत आत गेलीच नाही. दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी बाहेर लोंबत राहिली.

दुकानात न्यायला हवा होता. पण मी निवृत्त विज्ञान शिक्षक. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये स्थितिज ऊर्जा साठते, हे फळ्यावर तीस वर्षं लिहिलेलं. चार स्क्रू काढून स्टार्टरचं झाकण सुटं केलं, पालथं धरलं, मधला स्क्रू काढला आणि पुली सरळ वर उचलली. पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. सर्रकन आवाज झाला आणि स्प्रिंगची पट्टी पडवीभर पसरली. उलगडून मोजली तर माझ्या उंचीपेक्षा लांब भरली. कडा ब्लेडसारख्या. चष्मा होता म्हणून डोळा वाचला, अंगठा वाचला नाही.

चूक समजुतीची होती. दोरी ढिली पडली म्हणजे स्प्रिंगमधला ताण संपला, असं मी धरून चाललो. तुटला होता तो फक्त आतला आकडा, म्हणजे पुलीच्या दांड्याला धरणारं टोक. बाकीचं वेटोळं डब्यात कोंबलेलंच होतं. पुली हेच त्याचं झाकण, आणि मी ते उघडलं. पुली उचलण्याआधी बारीक पेचकसाने वेटोळं खाली दाबून धरायचं, हातात चामडी मोजे घालायचे आणि डोळ्यांवर गॉगल लावायचा, एवढं पुरतं.

टाके घातल्यावर तरी शहाणपण यावं ना? आठ दिवसांनी मी तुटलेल्या टोकाला नवा आकडा करायला बसलो. पक्कडीने थंडच वाकवलं, तर टोक कट्‌ करून तुटलं. मग स्वयंपाकघरातला गॅस पेटवला आणि सांडशीत धरून चांगला वीतभर भाग लालबुंद केला.

‘‘अहो, ती सांडशी दुधाची आहे,’’ एवढंच बायको म्हणाली.

मी पट्टी तशीच पाण्यात बुडवली. चुर्र झालं, समाधान वाटलं. लोहार तसंच करतो ना! पण लोहाराला कोयतीला पाणी द्यायचं असतं, धार कडक करायची असते. मला टोक मऊ करायचं होतं. लाल पोलाद पाण्यात घातल्याने ते काचेसारखं ठिसूळ झालं आणि वाकवताना पुन्हा तुटलं. खरं तर टोकाचा फक्त सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लाल करायचा, हवेत सावकाश निवू द्यायचा आणि मग वाकवायचा. तिसऱ्यांदा तसं केलं तेव्हा आकडा झाला.

ती पट्टी डब्यात परत बसवणं हा एक वेगळाच अध्याय. बाहेरचा आकडा खाचेत अडकवायचा आणि बाहेरून आत एकेक वेटोळं अंगठ्याने दाबत यायचं. शेवटच्या दोन वेटोळ्यांना अंगठा जरा घसरला की पहिल्यापासून श्रीगणेशा. मी दोनदा तर सगळी स्प्रिंग उलट्या दिशेने भरली, कारण उघडण्याआधी फोटो काढला नव्हता. काढणार कसा? उघडताक्षणीच ती उडाली होती.

शेवटी जमलं, आणि तिथे हाव नडली. जुनी दोरी विरली होती म्हणून नवी घातली, हात मोकळा राहावा म्हणून चांगली लांब. ती झपकन आत जावी म्हणून पुलीला दोन-तीनऐवजी सहा फेरे पीळ दिला. सकाळी ऐटीत पूर्ण हात मागे नेऊन ओढली. फट्‌! स्प्रिंग मधोमध तुटली. दोरी संपायच्या आत स्प्रिंग संपली होती, सगळा हिसका तिनेच खाल्ला. दोरी पूर्ण बाहेर ओढून धरल्यावरही पुली हाताने निदान अर्धा फेरा पुढे फिरायला हवी. ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा मी घेतली नव्हती.

तेव्हा कुठे मशीन दुकानात नेलं. पोरगेला मिस्त्री, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्याने तुटलेल्या स्प्रिंगकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, ‘‘काका, चालू व्हायला किती दोऱ्या मागतो हा?’’

‘‘वीस-पंचवीस.’’

‘‘मग नवी स्प्रिंगसुद्धा महिनाभरात जाईल. टाकीत पेट्रोल कधीचं आहे?’’

मला आठवेना. बहुधा मागच्या हंगामातलं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, आणि आमचा पावसाळा चार महिन्यांचा. त्यात ऑईल मी अंदाजाने ओतायचो, लिटरला 40 मिली सांगितलं असताना त्याच्या दीडपट तरी. प्लग काजळलेला, कार्ब्युरेटर चिकटलेला. इंजिन पेट घेत नव्हतं, म्हणून मी चिडून शेवटपर्यंत हिसडत होतो आणि मूठ तशीच सोडून देत होतो. तिसऱ्या वर्षी आकडा तुटला तो याच हिसक्यांनी. महिनाभर मी ज्याची मलमपट्टी करत होतो, ते दुखणंच नव्हतं.

त्याने कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलला, नवी स्प्रिंग घातली. टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि ड्रेसिंग यांचा खर्च त्या स्प्रिंगच्या किमतीच्या कितीतरी पट झाला होता.

आता हंगाम संपला की मी टाकी रिकामी करतो आणि उरलेलं पेट्रोल जळून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो. दोरी आधी हळू ओढून खटका लागू देतो, मग झटका देतो आणि मूठ हातात धरूनच परत नेतो. तुमच्याकडे ग्रास कटर असो, फवारणीचा पंप असो की जनरेटर, पाच-सहा दोऱ्यांत चालू झाला नाही तर हात थांबवा. आधी प्लग काढून बघा.