खाड्याचा हिशेब

बीड जिल्ह्यात ‘खाडा’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उसाच्या फडात एक दिवस कोयता चालला नाही, की त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड लागतो आणि तो उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, खात्यावर चढतो. एचआयव्हीबाधितांना बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा, म्हणजे क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसचा विचार करताना मला हाच शब्द पुन:पुन्हा आठवतो. या आजारात मृत्यूचा धोका कशाकशाने वाढतो याची यादी वैद्यकीय नियतकालिकांत कित्येक वर्षं छापली जाते आहे. यादी खरी आहे. पण या जिल्ह्यात राहून ती वाचताना माझं मत असं बनलं, की तिच्यातली बहुतेक कलमं ही उशिराचीच वेगवेगळी मापं आहेत, आणि त्या उशिराचं मूळ रोग्याच्या स्वभावापेक्षा हंगामाच्या वेळापत्रकात जास्त आहे.

ही बुरशी मातीत असते, कबुतरांच्या विष्ठेत असते, श्वासावाटे आपल्यापैकी कुणाच्याही छातीत जाते आणि धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडवत नाही. प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी १०० च्या खाली घसरल्या, की तिला मेंदूच्या आवरणापर्यंत वाट मिळते. मणक्यातल्या पाण्याचा थेंब काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काळ्याभोर पटावर गोल पेशी दिसते आणि तिच्याभोवती स्वच्छ खळं, चंद्राला पडतं तसं. दिसायला सुरेख, पण ते खळं म्हणजे पेशीचं चिकट वेष्टन. ते सुटून पाणी झिरपण्याच्या वाटा तुंबवतं आणि डोक्यातला दाब चढत जातो. पाण्याचा दाब साधारण २० सेंटिमीटरच्या आत हवा. या आजारात तो ४० च्याही वर गेलेला सापडतो. मापनयंत्र नसलं, तर निर्जंतुक सलाईनची नळी उभी धरून पट्टीने तो मोजता येतो, आणि पुन्हा पुन्हा पाणी काढून उतरवला तर माणूस जगण्याची शक्यता वाढते. ‘मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ ही भीती इथे घरोघर आहे. खरं तर न काढलेल्या पाण्यानेच नजर जाते, शुद्ध जाते आणि जीवही जातो.

आता ती यादी. थायलंड, युगांडा, मलावी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ५०१ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१४ मध्ये मांडल्या गेल्या. त्यांत दोन आठवड्यांत १७ टक्के आणि दहा आठवड्यांत ३४ टक्के रुग्ण दगावले. दगावण्याचा धोका कुणाला जास्त? दाखल होतानाच भान हरपलेल्यांना, मणक्याच्या पाण्यात बुरशी दाट झालेल्यांना, वजन घटलेल्यांना, रक्त कमी असलेल्यांना आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना. वय उशिराच्या हिशेबात बसत नाही, हे कबूल. बाकीचं मात्र दिवसांत आणि महिन्यांत मोजता येतं. हा आजार दबक्या पावलांनी येतो: दोन-तीन आठवडे डोकं दुखतं, कसकस राहते, मान ताठ होईलच असं नाही. पहाटे अंधारात फडात उतरणाऱ्या माणसाची डोकेदुखी म्हणजे ऊन, पित्त नाहीतर जागरण. गोळी घेतली, चहा घेतला, पुन्हा मोळ्या बांधायला उभा. खाडा परवडत नाही. मग एक दिवस तो असंबद्ध बोलू लागतो आणि कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, कुणीतरी म्हणतं, ‘बाहेरचं लागलंय’. दवाखान्याच्या कागदावर पुढे ‘भान हरपलेले’ हे दोन शब्द येतात, त्यांच्या मागे एवढे आठवडे दडलेले असतात.

यावर पहिला आक्षेप औषधाचा. चांगली औषधं हाताशी नसतील, तर लवकर येऊन तरी काय? आक्षेपात तथ्य आहे: लायपोसोमल अँफोटेरिसिन महाग आहे आणि फ्लुसायटोसिन सहजी मिळत नाही. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अँबिशन’ चाचणी पाहा. आफ्रिकेतल्या पाच देशांत अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि जोडीला दोन आठवडे फ्लुसायटोसिन व फ्लुकोनाझोल दिलं. उपचार सुटसुटीत झाला, तरी दहा आठवड्यांत २४.८ टक्के रुग्ण गेलेच. चांगल्या औषधालाही गेलेले दिवस भरून काढता येत नाहीत. दुसरा आक्षेप नेहमीचा: एचआयव्हीच्या गोळ्या (एआरटी) सोडणारे बेफिकीर असतात. सरकारी एआरटी २००४ पासून मोफत आहे, हे खरंच. पण चार महिने ज्या कोपीत आडोसा म्हणून फक्त पाचट असतं, तिथे मजुरांच्या टोळीच्या नजरेआड गोळ्यांची डबी ठेवायची कुठे? केंद्र बदलून घेता येतं, काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. त्या सोयी वापरायच्या तर आधी कुणाला तरी कारण सांगावं लागतं. तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. उशीरच घातक असेल, तर मेंदूज्वर सापडल्यावर एआरटी चार ते सहा आठवडे का लांबवतात? कारण युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २०१४ च्या चाचणीत ती एक-दोन आठवड्यांतच सुरू केलेल्यांपैकी ४५ टक्के, तर पाच आठवड्यांनी सुरू केलेल्यांपैकी ३० टक्के २६ आठवड्यांत दगावले. अचानक जागी झालेली प्रतिकारशक्ती सुजलेल्या मेंदूवरच तुटून पडते, असं मानतात. म्हणजे घाई करायची ती ओळखण्यात. एआरटीच्या गोळीला इथे थांबावं लागतं.

आणि ओळखायला सवड मिळते. युगांडातल्या जुन्या अभ्यासात बुरशीचा अंश रक्तात लक्षणांच्या आधी साधारण २२ दिवस सापडला होता. सीडी४ २०० च्या खाली असलेल्यांच्या रक्तात हा अंश शोधणारी तपासणी आणि सुरुवातीचे चार आठवडे घरी भेटी, एवढ्या जोडीवर टांझानिया-झांबियात मृत्यू २८ टक्क्यांनी घटले. सरसकट सगळ्यांची तपासणी नको. सीडी४ घसरलेल्यांची, विशेषतः गोळ्या मधेच सुटलेल्यांची पुरे. बीडमध्ये तिची वेळही ठरलेली आहे: पोळा ते दसरा, टोळ्या गावात असतात तेव्हा. बोटातला रक्ताचा थेंब, तपासणीच्या पट्टीवर दहा मिनिटांत उमटणाऱ्या दोन रेघा. त्या उमटल्या तर मणक्याचं पाणी तपासायचं, आणि ते स्वच्छ निघालं तर फ्लुकोनाझोल सुरू करायचं. पट्टीचा दिवस हंगामाबाहेरचा, त्यामुळे त्याचा खाडा पडत नाही.