छत्तीसचा आकडा

प्रमाणपत्र हा वाङ्मयप्रकार आहे असे कुणी म्हटले तर आपण हसू. तरीही ज्याला संहिता वाचायची सवय आहे त्याने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र एकदा सावकाश वाचून पाहावे. त्यात निवेदक आहे, पात्र आहे, पात्राचे वर्णन आहे आणि शेवटी एक आकडा आहे. पात्राला बोलायला तेवढी जागा नाही. इंग्रजी नमुन्यातील वाक्यरचनेत माणसाला व्याधी नसते, तो त्या व्याधीची ‘केस’ असतो. छायाचित्राच्या चौकटीत सूचना असते की फक्त चेहरा दिसावा. जुन्या नमुन्यात व्यंग दिसेल असेच छायाचित्र मागत. ते बंद झाले, ही मोठीच सुधारणा म्हणायची.

माझ्या मामेबहिणीचे, म्हणजे आमच्या अक्काचे, असे प्रमाणपत्र 2022 साली माझ्या हाती आले. अक्का तालुक्याच्या गावी शिवणकाम करते. वयाच्या दुसऱ्या वर्षी तिला पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. पुढे ऐन तिशीत स्टोव्हच्या भडक्यात उजवा हात भाजला. जखम भरली, पण कातडी आक्रसून तीन बोटे तळव्याकडे वळली ती कायमची. प्रमाणपत्रात लिहिले होते: उजव्या पायात पोलिओजन्य कमजोरी, आधाराशिवाय चालते, कायमस्वरूपी दिव्यांगत्व 36 टक्के. हाताचा उल्लेखच नव्हता.

मराठीत छत्तीसच्या आकड्याला जो अर्थ आहे तो वाचकांना सांगायला नको. सरकारी व्यवहारात त्याचा अर्थ वेगळा, पण परिणाम तोच. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 वर नेले, मात्र बहुतेक लाभांचा उंबरठा 40 टक्क्यांवरच ठेवला. त्याखालच्या माणसालाही वैश्विक ओळखपत्र मिळते, पण त्यावरची पट्टी पांढरी असते. 40च्या वर पिवळी, 80 आणि त्यापुढे निळी. पांढऱ्या पट्टीवर संजय गांधी निराधार अनुदान मिळत नाही, एसटीच्या भाड्यातली 75 टक्के सवलतही नाही. अनुदान तेव्हा महिना 1000 रुपये होते. ही रक्कम आपल्यापैकी अनेकांच्या महिन्याच्या पुस्तकखरेदीएवढी असेल. अक्काचे घरभाडे त्यात निम्मे भागणार होते.

हे प्रमाणपत्र चुकीचे होते, पण खोटेपणाने लिहिलेले नव्हते, असे माझे आजही मत आहे. तपासणीच्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो. आठवड्यातला ठरलेला दिवस, बाकांवर आणि जमिनीवर मिळून शेकडो माणसे. आत अक्काच्या वाट्याला आलेली मिनिटे चार असतील. डॉक्टरांनी विचारले, ‘‘चालता येतं का?’’ अक्का म्हणाली, ‘‘येतं की.’’ ‘‘काठी लागते?’’ ‘‘नाही लागत.’’ दोन्ही उत्तरे अक्षरशः खरी होती. अक्का काठीशिवाय चालते, कारण तिचा डावा हात हीच तिची काठी आहे. प्रत्येक पावलाला ती तो डाव्या मांडीवर दाबून धरते, तेव्हा गुडघा घडी न पडता सरळ राहतो. पोलिओ झालेली बरीच माणसे अशी चालतात. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011मध्ये हावड्याला सापडला आणि 2014 साली देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. ही विलक्षण कामगिरी आहे. पण तिचा एक आडपरिणाम असाही असावा की आजच्या तरुण डॉक्टरांना ही चाल पुस्तकातच भेटते.

आणि तो उजवा हात? तो पदराखाली होता. गेली कित्येक वर्षे तो पदराखालीच असतो. स्थळे येत तेव्हा चाल लपवावी लागे. पुढे गिऱ्हाइके येऊ लागली तेव्हा हात, कारण वाकड्या बोटांच्या बाईकडे लग्नाचा ब्लाउज कोण शिवायला टाकील? ‘मला जमतं’ या दोन शब्दांवर तिने आपला संसार, म्हणजे एकटीचा संसार, उभा केला आहे. परीक्षेच्या टेबलासमोरही सवयीने तेच दोन शब्द बाहेर पडले. विचारल्याशिवाय हात दाखवायचा नाही हा तिचा नियम होता आणि कुणी विचारले नाही.

खिडकीवरच्या कारकुनाने सांगितले, ‘‘सर, सिस्टीममध्ये आलंय ते फायनल.’’ ते तसे नसते. कायद्याच्या 59व्या कलमाने प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क दिला आहे. पण त्या खिडकीशी उभ्या असलेल्या किती जणांना हे ठाऊक असते? पाय उजवा की डावा ही चूक आम्ही दाखवली, तेव्हा तेवढी ‘टायपिंग मिस्टेक’ दुरुस्त करून देण्याची तयारी दिसली. अक्काला तेही पुरेसे वाटले. मी नको म्हटले. ज्याने पायाची बाजू चुकीची लिहिली त्याने पाय मोजला तरी होता का, हा प्रश्न त्या दुरुस्तीबरोबर पुसला गेला असता. पाठचिकित्सेत आपण हेच शिकवतो: लेखनिकाचा एक उघड प्रमाद सापडला की आजूबाजूच्या ओळीही संशयाने वाचाव्यात.

मग मी मोजमापाची मार्गदर्शक तत्त्वे मिळवून वाचली. कंटाळवाण्या सरकारी गद्यात इतके चकित व्हायला होईल असे वाटले नव्हते. पायाचे मूल्यमापन दोन अंगांनी होते, हालचाल आणि स्थैर्य, आणि प्रत्येकाला 90 गुण. स्थैर्याच्या 90मध्ये नऊ क्रिया आहेत: सपाटीवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, अधू पायावर उभे राहणे, वळणे, उकिडवे बसणे, मांडी घालून बसणे, गुडघे टेकणे. प्रत्येकीला दहा. ‘मांडी घालून बसणे’ या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. कुणीतरी कधीतरी या देशातला माणूस जेवायला कसा बसतो याचा विचार करून हा तक्ता केला होता. अक्काला त्या नऊपैकी एक प्रश्न विचारला गेला होता.

दुसरी गंमत बेरजेची. दोन अवयवांचे टक्के सरळ मिळवत नाहीत. मोठ्या आकड्यात धाकट्याचा काही अंश मिळवायचा: 90मधून मोठा आकडा वजा करायचा, उरेल त्याने धाकट्याला गुणायचे आणि 90ने भागायचे. हात अवघा 20 टक्के धरला असता, तरी त्या चुकीच्या 36मध्ये 12 पडून 48 झाले असते.

अपिलाचा अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. दुःखाचे वर्णन करण्याची एक तयार मराठी आपल्याजवळ असते. ओघवती, विशेषणांनी ओथंबलेली. ती इथे निरुपयोगी होती. त्या तक्त्याला ‘असह्य’ हा शब्द मोजता येत नाही. म्हणून अक्काने सांगायचे आणि मी त्या नऊ ओळींसमोर लिहायचे, असे ठरले. ‘‘घागर कशी आणतेस?’’ ‘‘घागर नाही रे. तांब्या. डाव्या हातात तांब्या धरला की मांडी सुटते, म्हणून भिंतीला खांदा लावून सरकते.’’ ‘‘कात्री?’’ ‘‘डाव्या हातानं. उजव्यानं कापड नुसतं दाबून धरायचं.’’ ‘‘उकिडवं?’’ यावर ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, ‘‘हे पण लिहायचं?’’ लिहिले. एका संध्याकाळी तीन पाने झाली आणि मला जाणवले की पन्नाशी उलटलेल्या या बाईने आयुष्यभर जे कुणाला दिसू दिले नाही त्याची यादी तिच्याच तोंडून मी वदवून घेत होतो. राज्याकडून हक्काचे काही मिळवायचे तर आपल्या असमर्थतेचे उत्तम निवेदक व्हावे लागते. ज्यांनी स्वाभिमानापायी उलट निवेदन घोटून ठेवले आहे, ते या परीक्षेत हमखास नापास होतात. आणि 2024 साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ झाल्यापासून संशयाची नजर अधिकच तीक्ष्ण झाली आहे. तिचा जाच खोटे बोलणाऱ्यांपेक्षा कमी बोलणाऱ्यांना जास्त होतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओमकार गोंड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ टक्केवारीच्या आधारे उमेदवाराला वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही आणि मंडळाने विरुद्ध मत दिल्यास त्याची कारणे नोंदवली पाहिजेत. निकाल प्रवेशापुरता आहे. अनुदानाच्या बाबतीत आकडाच दार उघडतो. पण निदान कारणे लिहिण्याची सक्ती इकडेही असती, तर आमच्या प्रमाणपत्रात 36 या संख्येच्या आधी दोन ओळी तरी लिहाव्या लागल्या असत्या, आणि त्या लिहिताना कुणाचे तरी लक्ष पायाकडे गेले असते.

सात महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या शासकीय महाविद्यालयात फेरतपासणी झाली. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. अक्का दारातून टेबलापर्यंत आली तेवढ्यातच त्यांनी विचारले, ‘‘मांडीवर हात किती वर्षं ठेवता?’’ मग तपासणी पाऊण तास चालली. पाय 45, हात 20, एकूण 55. डावा पाय डावाच लिहिला गेला. अक्का गाडीत म्हणाली, ‘‘बाईंनी हात हातात घेऊन पाहिला.’’ आकड्याबद्दल तिने काही विचारले नाही.

पिवळ्या पट्टीचे ओळखपत्र आले. त्यानंतर उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याची चौकशी, तालुका समितीची बैठक असे करत अनुदान सुरू झाले तोवर 2023 उजाडून रक्कम 1500 झाली होती. 2025मध्ये दिव्यांगांसाठी ती 2500 झाली. मधल्या काळाचे काही मिळाले नाही, आणि त्यासाठी पुन्हा अर्ज करायला अक्का तयार नाही. हात अजून पदराखालीच असतो.