चाकांचा भाव आणि जमिनीचा भाव

मागणीची रेषा उतरती आणि पुरवठ्याची चढती काढून, त्या दोन्ही जिथे परस्परांना छेदतात तेथे भाव स्थिर होतो, हे विधान पनवेलच्या वर्गांतून मी इतकी वर्षे सांगत आलो की खडू हाती येताच हात आपोआप तो छेद काढीत असे. कात्रीचे वरचे पाते कागद कापते की खालचे हा वाद जितका व्यर्थ, तितकाच भाव मागणी ठरवते की पुरवठा हाही वाद व्यर्थ, असे मार्शलने 1890 साली लिहून ठेवले. मात्र कोलाबा जिल्ह्यातल्या भातशेतीच्या गावांतून आलेल्या मुलांना मार्शलपेक्षा बैलगाडी जवळची वाटे, म्हणून मी उदाहरण चाकांचे घेई. पनवेल हे एके काळी गाडीच्या चाकांचे गाव होते. बोरघाटाकडे परतणारा देशावरचा गाडीवान येथून चाकांची जोडी घेऊन जात असे, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांत आहे. गिऱ्हाईक वाढले, भाव चढला, की सुतार आणखी एक हात कामाला लावी, लाकूड अधिक मागवी, शेजारचा लोहारही धावांसाठी भट्टी लवकर पेटवी. आणि चार-सहा महिन्यांत चढलेला भाव पुन्हा खाली येई. पुरवठ्याच्या लवचिकतेची याहून सोपी व्याख्या मला कधी सापडली नाही.

यानंतर शासकीय हस्तक्षेपाचे प्रकरण येई. समतोल भावाच्या खाली कमाल भाव बांधला तर टंचाई, वर किमान भाव बांधला तर साठा. दाखल्यादाखल मुंबईचा 1947 चा भाडेनियंत्रण कायदा, ज्याने जुन्या इमारतींची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी जखडून टाकली, आणि ज्याच्या पोटातून पागडी नावाचा, कोणत्याही पावतीवर न उमटणारा भाव मोठ्या प्रमाणावर फोफावला. हे सारे मी मोठ्या आत्मविश्वासाने शिकवीत असे. या मांडणीत सरकार नेहमी बाजाराच्या कुंपणाबाहेर पंचासारखे उभे असते, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती एका विद्यार्थ्यामुळे. खाडीपलीकडच्या गावातला तो मुलगा तास संपता संपता उभा राहून म्हणाला, ‘‘सर, गिऱ्हाईक एकच असलं आणि माल विकायचा नाही म्हणायची सोय नसली, तर रेषा कुठं छेदतात?’’

त्याच्या घरची जमीन संपादनात गेली होती.

मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीच्या पूर्वेस नवे नगर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 साली ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली. नगर उभारण्याचा खर्च त्या नगरामुळेच चढणाऱ्या जमिनीच्या किमतीतून निघावा, हे तिच्यातले अर्थशास्त्र निर्दोष होते, असे मी आजही मानतो. मार्च 1970 मध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे आणि त्या वेळचा कोलाबा (1981 पासून रायगड) या दोन जिल्ह्यांतील 95 गावांचा, सुमारे 344 चौरस किलोमीटरांचा टापू नव्या मुंबईसाठी मुक्रर झाला, आणि खाजगी जमिनींवर 1894 च्या भूसंपादन कायद्याचे जाहीरनामे लागले. या कायद्याचे 23 वे आणि 24 वे कलम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी सावकाश वाचावे. मोबदला ठरायचा तो कलम 4 च्या अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने. आणि ज्या कामासाठी जमीन घेतली जात आहे त्या कामामुळे तिची किंमत वाढणार असेल, तर ती वाढ हिशेबात धरायची नाही, अशी स्पष्ट मनाई. म्हणजे भातखाचराचा भाव भातखाचर म्हणूनच, मग त्यावर उद्या रेल्वेस्थानक येवो की बाजारपेठ.

चाके अधिक घडवता येतात, जमीन घडवता येत नाही. रिकार्डोने 1817 साली जमिनीच्या खंडाचे जे विवेचन केले त्याचा पाया हाच, आणि मालकाच्या श्रमावाचून होणाऱ्या या वाढीला मिलने अनर्जित म्हटले ते याच अर्थाने. पण अनर्जित वाढ शेतकऱ्याने कमावलेली नव्हती हे खरे असेल, तर ती एकट्या महामंडळाने कमावली होती असेही कोणी म्हणू नये. सक्तीचा एकमेव खरेदीदार तोच, आणि पुढे भूखंड आखून, निविदा मागवून, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देणारा त्या टापूतला सर्वांत मोठा विक्रेताही तोच. पंच म्हणावा तर त्याच्या हाती तागडीही होती.

जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील संपादनग्रस्त शेतकऱ्यांच्या आंदोलनात, पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेने भूसंपादन कायदा दुरुस्त करून सक्तीच्या संपादनाबद्दल द्यायची दिलाशाची रक्कम बाजारभावाच्या 15 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर नेली. आणि येथील खातेदारांसाठी नव्वदीत साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत, त्यातून सार्वजनिक सोयींसाठी कपात होऊन हाती पावणेनऊ. रुपयांत नाकारलेला भाव टक्क्यांत बोलू लागला. पागडीचाच हा सरकारमान्य भाऊबंद म्हटला तर अतिशयोक्ती होणार नाही. मात्र भूखंड हाती येईपर्यंत वर्षे जात, घरात लग्न, आजारपण, कर्ज असे. म्हणून पुष्कळांनी भूखंडाचा ताबा मिळण्याआधीच आपला हक्क मुखत्यारपत्र करून बांधकाम व्यावसायिकांना विकला. अनिश्चित उद्याच्या मोठ्या रकमेपेक्षा आजची लहान रक्कम माणूस का स्वीकारतो, हे मी पुस्तकातून शिकवले. पनवेलच्या दलालांच्या खुर्च्यांसमोर ते उघड चालले होते.

यात केवळ अन्याय पाहणाऱ्यांशी माझे जुळत नाही. सरकार मध्ये पडले नसते, तर तीच वाढ मूठभर सावकार-दलालांनी सातबारे गोळा करून खिशात घातली असती, आणि रस्ते, पाणी, रेल्वे यांचा खर्च कोणी केला असता हा प्रश्न उरलाच असता. हस्तक्षेप हवा होता. चूक झाली ती वाढीची वाटणी कायद्याने आधीच एका पारड्यात टाकून ठेवली यात. आणि ती दुरुस्त करायला दर वेळी मोर्चा लागला, याची खंत वाटते.

दुरुस्तीचा क्रम आकड्यांतच वाचावा. साडेबारा टक्क्यांनंतर नव्या मुंबईच्या विमानतळासाठी विस्थापित झालेल्या गावांना साडेबावीस टक्के देऊ झाले. 2013 च्या नव्या कायद्याने दिलासा बाजारभावाइतकाच, म्हणजे शंभर टक्के केला. विमानतळाभोवतीच्या, त्याच वर्षी अधिसूचित झालेल्या नैना क्षेत्रातील नगररचना योजनांत खातेदार साठ टक्के जमीन देतो आणि चाळीस टक्के विकसित भूखंड त्याच्याकडे राहतो. 1970 साली परतीच्या भूखंडाचा हा आकडा शून्य होता.