खेळाची बखर

साठी उलटली की घरातील तरुणांना उपदेश करण्याचा अधिकार मनुष्याकडे आपोआप चालत येतो, अशी आमची समजूत होती. गेल्या उन्हाळ्यात ती समजूत बरीच ढिली झाली. कशी, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त बरीच वर्षे अमेरिकेत राहतात. त्यांचा मुलगा, वय वर्षे सतरा, सुट्टीत आमच्याकडे आला. तो येण्याआधीच चिरंजीवांचा फोन आला होता. "नाना, हा व्हिडिओ गेमच्या सामन्यांसाठी परगावी जायचे म्हणतो. आम्ही नको म्हटले की घरात दोन-दोन दिवस अबोला. तुम्हीच त्याला चार शब्द सांगा. तुमचे तो ऐकेल."

पस्तीस वर्षे संस्कृत व इतिहास शिकविण्यात घालविलेल्या मनुष्यास चार शब्द सांगण्याची संधी म्हणजे पर्वणीच. आम्ही दोन सुभाषिते योजून ठेवली आणि एके दिवशी संध्याकाळी नातवाला ओटीवर बोलाविले. त्याने सारे निमूटपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही म्हणाल ते मी करीन. पण आधी एक माहितीपट माझ्याबरोबर पाहा. मग सांगा."

आमची पंचाईत झाली. पूर्वपक्ष ऐकून घेतल्यावाचून सिद्धांत मांडू नये, हे आम्हीच मुलांना जन्मभर शिकवीत आलो. आम्ही होकार दिला.

माहितीपटाचे नाव 'द स्मॅश ब्रदर्स'. ट्रॅव्हिस बोशाँ या दिग्दर्शकाने तो 2013 सालच्या ऑक्टोबरात यूट्यूबवर विनामूल्य प्रसिद्ध केला. त्याचे भाग नऊ, लांबी चार तासांहून अधिक. रोज दोन भाग याप्रमाणे पाच संध्याकाळी आम्ही तो पाहिला. इंग्रजी भराभर बोलले जाई तेथे नातू चित्र थांबवून मराठीत समजावून सांगे. त्याच्या आजीने पहिल्या दिवशी "काय ही दोघांची थेरं!" म्हणून स्वयंपाकघर गाठले, तिसऱ्या दिवशी त्या वाती वळण्याचे निमित्त करून शेजारी येऊन बसल्या.

ज्या खेळाची ही कथा, तो 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा निंटेंडो या जपानी कंपनीने 2001 साली काढला. मारिओ, पिकाचू अशी मुलांच्या ओळखीची पात्रे एकमेकांस फटके मारून रंगमंचाबाहेर भिरकावतात, एवढेच त्याचे बाह्य रूप. घरी चार मुलांनी मिळून हसतखेळत वेळ घालवावा, या बेताने तो केला होता. पण अमेरिकेतील काही मुलांना त्यात अशी काही गती आणि अशी काही खोली सापडली की त्यांनी त्याचे मल्लयुद्ध करून सोडले. कोणाच्या तरी घरी जमावे, जाडजूड जुने दूरदर्शनसंच मोटारीत घालून न्यावेत (नव्या चपट्या संचावर चित्र निमिषभर उशिरा उमटते, आणि या खेळात निमिष म्हणजे युग!), वर्गणी काढून बक्षीस ठेवावे, आणि रात्री तेथेच जमिनीवर पथारी पसरावी, असा त्यांचा क्रम. 2004 ते 2006 या काळात 'मेजर लीग गेमिंग' या संस्थेने या खेळास आपल्या स्पर्धांत स्थान दिले, पुढे ते काढून घेतले. 2008 साली त्याच मालिकेतला नवा खेळ निघाला आणि पुष्कळजण तिकडे गेले. जुन्याला चिकटून राहिले ते थोडे, पण राहिले.

माहितीपटात सात खेळाडूंच्या कथा आहेत. प्रारंभी अजिंक्य ठरलेला केन आहे. त्याचा जोडीदार, प्रतिभावान पण बेफिकीर असा इसाई आहे. प्रत्येक हालचालीस किती क्षणांश लागतात याची कोष्टके मांडीत बसणारा 'म्यूटूकिंग' आहे. आम्हांस तर तो वैयाकरणांच्या कुळातलाच वाटला. शेवटी कॅलिफोर्नियातला 'मँगो' आहे. त्यांचे विजय, त्यांचे रुसवे, हरल्यावर पडलेले चेहरे पाहता पाहता आम्ही विसरून गेलो की हे सारे एका खेळण्यापायी चालले आहे.

आता या माहितीपटाने घडविले काय? लास वेगास येथे 'इव्हो' नावाची मोठी स्पर्धा दरवर्षी भरते. 2013 साली तेथे सुमारे 700 जण हा खेळ खेळले. 2014 साली 970, 2015 साली 1,869 आणि 2016 साली 2,350. बारा-पंधरा वर्षांचा जुना खेळ, आणि खेळणारे वर्षानुवर्षे वाढत जातात! माहितीपट पाहून खेळाकडे वळलेल्या नवख्यांना तेथील मंडळी 'डॉक किड्स' म्हणू लागली. म्हणजे माहितीपटाची लेकरे. नातू स्वतःला त्यांतलाच समजतो. माहितीपट निघाला तेव्हा तो पाळण्यातून नुकता बाहेर पडला होता, ही गोष्ट वेगळी!

पण कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले, एवढ्यावरून कावळ्याने फळ पाडले असे म्हणू नये; शास्त्रकार त्यास काकतालीय न्याय म्हणतात. इव्होमध्ये हा खेळ परतला तो माहितीपटाच्या आधी. 2013 च्या आरंभी कोणता खेळ घ्यावा हे ठरविण्यासाठी स्तनकर्करोगाच्या संशोधनास देणगी देण्याची चढाओढ लावण्यात आली. तीत या खेळाच्या चाहत्यांनी 94 हजारांहून अधिक डॉलर जमवून पहिला क्रमांक मिळविला. पुढे जुलैत निंटेंडोनेच या सामन्यांचे प्रक्षेपण होऊ देण्यास नकार दिला, आणि गिल्ला होताच काही तासांत तो मागे घेतला. म्हणजे समाज जिवंत होता म्हणून माहितीपट झाला, आणि माहितीपट झाला म्हणून समाज वाढला. हा तर बीजांकुर न्याय!

तरी बखरकाराचे काम वेगळे उरतेच. कर्णाचा जन्म, रंगभूमीवरील त्याचा अपमान, परशुरामाचा शाप हे ठाऊक नसेल तर कर्णार्जुनांचे युद्ध म्हणजे नुसती बाणांची फेकाफेक. माहितीपट पाहण्यापूर्वी आम्हांस पडद्यावर दोन बाहुल्या उड्या मारताना दिसत. पाहिल्यानंतर एक सामना नातवाने दाखविला तेव्हा कोण कोणाचे उट्टे काढतो आहे हे आम्हीच आजीला सांगू लागलो. नवख्या मुलाला खेळाचे नियम कोणीही शिकवील. पण 'आपल्या आधी येथे कोण होते' हे सांगणारा भेटला म्हणजे तो पाहुणा न राहता घरचा होतो. खेळाडू खेळ देतात. परंपरा देतो तो बखरकार.

पाचव्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमचे थोरले बंधू आट्यापाट्यांत पंचक्रोशीत नावाजलेले होते. ते सूरपाटी धरीत. त्यांना हुलकावणी देऊन पाटी ओलांडणे भल्याभल्यांस साधत नसे. संघ नऊ जणांचा. आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या नावे आठवू लागलो. पाच आठवली, उरलेली चार काही केल्या आठवेनात. बंधू जाऊन अकरा वर्षे झाली. गावात आता त्या मैदानावर पाट्या आखीत नाहीत. त्या खेळात धैर्य कमी होते की कौशल्य कमी होते? काहीच कमी नव्हते. लिहून ठेवणारा तेवढा नव्हता. आणि तो आम्ही होऊ शकलो असतो. इतिहास तर आम्हीच शिकवीत होतो.

मात्र बखरीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हेही आम्ही वर्गात सांगत असू. 2007 साली 'द किंग ऑफ काँग' नावाचा असाच एक माहितीपट निघाला. 'डाँकी काँग' या जुन्या खेळातील उच्चांकासाठी स्टीव्ह वीबे नावाचा एक शाळामास्तर आणि बिली मिचेल नावाचा मुरलेला खेळाडू यांच्यातली ती स्पर्धा. तो पाहून न्यूयॉर्कचे एक शल्यचिकित्सक, हँक चिएन, खेळू लागले आणि 2010 साली त्यांनीच उच्चांक मोडला. एवढे सामर्थ्य चित्रात! परंतु त्यात एकाला नायक व दुसऱ्याला खलनायक करून टाकले आहे, अशी टीकाही झाली. मिचेल यांचे उच्चांक नोंदणाऱ्या संस्थेने 2018 साली रद्द केले, त्यांनी आरोप नाकारले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि 2024 साली तडजोड होऊन ते ऐतिहासिक नोंदींत ठेवण्यात आले. चित्रातील निवाडा दीड तासात लागतो; जगातला लागायला सतरा वर्षे लागली.

'द स्मॅश ब्रदर्स'मधील सातही खेळाडू अमेरिकेतले. स्वीडनचा 'आर्माडा' पुढे 2015 साली इव्हो जिंकला. पण त्याला त्या सातांत जागा नव्हती. आणखी एक गोष्ट नातवाने आम्ही विचारण्यापूर्वीच, खाली मान घालून सांगितली. 2020 सालच्या उन्हाळ्यात याच समाजातील अनेक तरुण-तरुणींनी पुढे येऊन गैरवर्तनाच्या तक्रारी केल्या. त्यांत वयाने लहान असलेल्यांशी झालेले प्रकारही होते. काही नामांकितांना स्पर्धांची दारे बंद झाली. ज्या एकत्र राहण्याचे, रात्री जागविण्याचे आम्हांस कौतुक वाटले, त्याच्याच आडोशाने हेही घडले होते. ते त्याने लपविले नाही, यावरून तो विचाराने मोठा झाला आहे, अशी आमची खात्री पटली.

आम्ही चिरंजीवांना फोन केला. "मुलाला जाऊ द्या, पण पहिल्या खेपेस तुम्ही बरोबर जा. मुक्काम एकत्र करा. अभ्यासाचे वेळापत्रक त्याने स्वतः लिहून दिले आहे, ते तुमच्याकडे ठेवा. आणि मुख्य म्हणजे सामना समोर बसून पाहा. आधी तो माहितीपट पाहिलात तर काय चालले आहे ते कळेल."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग चिरंजीव म्हणाले, "नाना, तुम्ही त्याला समजवायचे होते!"

"समजावले," आम्ही म्हणालो, "पण त्याने आम्हांला."

परत जाण्यापूर्वी नातवाने आमच्याबरोबर गावी येण्याचे कबूल केले. बंधूंच्या संघापैकी एक गृहस्थ हयात आहेत. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही तिघे त्यांच्या पडवीत बसलो. नातवाने फोन समोर धरला, आणि त्या वृद्ध गृहस्थांनी काठीने जमिनीवर पाट्या आखून कोण कोठे उभा राहत असे ते दाखविले. चारांपैकी तीन नावे मिळाली. एक अजून मिळायचे आहे.