सुट्टीतला सामना

खेळाचे खरे नाट्य मैदानावर घडते असे मानणाऱ्या लोकांचा मला हेवा वाटतो. सामना संपला की त्यांना स्वस्थ झोप येते. माझे तसे नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा, म्हणजे एन.बी.ए.चा, मोसम ऑक्टोबरात सुरू होतो आणि जूनमध्ये संपतो. आणि तो संपला की माझी उत्सुकता सुरू होते. मैदाने ओस पडतात, खेळाडू कुठल्याशा समुद्रकिनारी पाय पसरतात, आणि तीस संघांचे तीस व्यवस्थापक टेलिफोन कानाला लावून बसतात. पुढच्या जूनमध्ये करंडक कोणाच्या हातात असेल, याचा निम्मा निकाल या दोन-तीन महिन्यांत लागून गेलेला असतो. चेंडू कुठे उसळत नाही, फलकावर एक गुण चढत नाही, आणि तरीही हा सुट्टीतला सामना मला अधिक रंगतदार वाटतो.

कारण साधे आहे. उंच उडी मारून जाळीत चेंडू टाकणे मला या जन्मी जमण्यासारखे नव्हते. पण चार माणसे गोळा करून त्यांच्याकडून एक काम करवून घेण्याचा प्रसंग कोणावर येत नाही? गणेशोत्सवाची समिती असो, हौशी नाटकमंडळी असो, नाहीतर घरचे लग्नकार्य असो; नवे कोणाला बोलवावे आणि जुन्यांपैकी कोणाला ‘आता पुरे’ म्हणून सांगावे, हा पेच सुटता सुटत नाही. एन.बी.ए.चे व्यवस्थापक तोच पेच कोट्यवधी डॉलरांच्या हिशेबात सोडवीत असतात, इतकेच.

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? पैशाची थैली मोकळी करावी आणि उत्तमोत्तम खेळाडू आणावेत! पण थैलीचे तोंड बांधलेले असते. १९८४-८५ च्या मोसमापासून संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३६ लाख डॉलर होती. २०२४-२५ साली ती १४ कोटींच्या वर गेली. आपला स्वतःचा जुना खेळाडू राखायचा असेल तर ती ओलांडायची सवलत आहे. बॉस्टनच्या लॅरी बर्डचे नाव त्या सवलतीला कायमचे चिकटले आहे. पण मर्यादेबाहेर गेलेल्या संघाला परका खेळाडू आणायचा झाला, तर साधारण तेवढ्याच पगाराची माणसे समोरच्याच्या पदरात घालावी लागतात. शिवाय पूर्ण कराराच्या जागा पंधराच. पंगत भरलेली, पाट मोजके. नवा पाहुणा बसवायचा तर कोणीतरी उठलेच पाहिजे.

संघात शिरायची दारे मुख्यतः तीन. पहिले दार नवोदितांच्या निवडीचे. ती जूनमध्ये होते, आणि जो संघ अधिक हरला त्याला आधी निवडण्याची आशा अधिक. मात्र पहिल्या काही क्रमांकांसाठी सोडत काढतात. दुसरे दार करार संपलेल्या खेळाडूंचे. हे दार आपोआप उघडले नाही. ऑस्कर रॉबर्टसन या थोर खेळाडूच्या नावाने १९७० साली खटला भरावा लागला. १९७६ साली तडजोड झाली, आणि खेळाडू संघाशी जन्माचा बांधलेला राहिला नाही. तिसरे दार अदलाबदलीचे. माझे डोळे लागलेले असतात ते या तिसऱ्या दाराकडे, कारण तिथे घेणाऱ्याला काही द्यावे लागते.

बॉस्टनचाच २००७ चा उन्हाळा घ्या. बॉस्टन सेल्टिक्स हा मोठ्या घराण्यातला संघ, पण त्या वर्षी त्याची दशा अशी की ८२ सामन्यांपैकी जिंकले २४. एकदा तर ओळीने १८ हरले. एवढे हरल्यावर निदान सोडतीत तरी पहिला-दुसरा क्रमांक लागेल, अशी गावाची आशा. लागला पाचवा! अशा वेळी बहुतेक माणसे कपाळावर हात मारतात. डॅनी एंज या व्यवस्थापकाने तो पाचवा क्रमांक आणि दोन खेळाडू सिएटलला दिले आणि दूरवरून अचूक चेंडू टाकणारा रे ॲलन आणला. मग ३१ जुलैला मिनेसोटाला पाच खेळाडू आणि भविष्यातल्या निवडीचे दोन हक्क देऊन एकटा केव्हिन गार्नेट घेतला. सात देऊन एक! पॉल पिअर्स घरचाच होता. उरलेल्या जागांवर जेम्स पोसी आणि एडी हाउस असे आपले काम जाणणारे अनुभवी गडी भरले. पुढच्या मोसमात ६६ विजय, आणि जून २००८ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सना हरवून बावीस वर्षांनी अजिंक्यपद.

या कथेतून लोक बोध घेतात तो असा की तीन मोठी नावे आणावीत. मला तो बोध पटत नाही. मोठी नावे जमवून फसलेले संघ थोडे नाहीत. मैदानावर उतरतात पाचच, आणि पांडवही पाचच होते. पण पाचही भीम असते तर मत्स्यभेद कोणी केला असता? ॲलन दुरून मारणारा, पिअर्स वाट काढून आत शिरणारा, गार्नेट मुख्यतः बचाव सांभाळणारा. त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटूही तोच ठरला. एका ताटात तीन गोडाचे पदार्थ वाढलेले नव्हते. एंजने ‘चांगला कोण?’ एवढेच विचारले नसावे. ‘आपल्याकडे नाही काय?’ हेही विचारले असावे.

हा प्रश्न त्या घराण्यात जुनाच. १९५६ साली रेड आउअरबाख यांच्या संघात गुण करणारे होते, चेंडू हिसकावून आणणारा नव्हता. म्हणून त्यांनी एड मॅकॉली आणि क्लिफ हेगन हे दोघे सेंट लुइसला दिले आणि बिल रसेल हा तरुण घेतला. रसेलने तेरा मोसमांत अकरा अजिंक्यपदे मिळवून दिली. पण मला यातली दुसरी बाजू अधिक आवडते. मॅकॉली सेंट लुइसचाच. त्याचा मुलगा आजारी होता आणि त्याला घरी परत जायचेच होते. १९५८ साली सेंट लुइसने बॉस्टनलाच हरवून अजिंक्यपद मिळवले, आणि त्या संघात मॅकॉली व हेगन दोघेही होते. दोन्ही विहिणी हसत उठल्या, असा व्यवहार क्वचितच होतो.

एरवी काय होते? आयझेया थॉमसचे पाहा. २०११ च्या निवडीत सर्वांत शेवटी, साठाव्या क्रमांकावर घेतलेला बुटका खेळाडू. बॉस्टनमध्ये २०१६-१७ साली त्याने सामन्यामागे जवळजवळ २९ गुण केले. १५ एप्रिल २०१७ रोजी त्याची धाकटी बहीण मोटार-अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी तो रडत रडत मैदानावर आला आणि खेळला. २ मे रोजी, तिच्या जन्मदिवशी, त्याने ५३ गुण केले. ऑगस्टमध्ये बॉस्टनने त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकले आणि कायरी अर्विंग आणला. थॉमसचे कंबरेचे दुखणे बळावले होते, अर्विंग तरुण होता. हिशेबात कुठे चूक काढता येणार नाही. मात्र अर्विंग दोन वर्षांनी संघ सोडून गेला, आणि थॉमस पुढे अनेक संघांतून फिरला तरी ती झळाळी परत आली नाही. हिशेब बरोबर येऊनही मनाला रुखरुख लागावी, असे व्यवहार असतात.

तरीही मी भाबडेपणाने ‘कोणाला सोडूच नये’ म्हणणार नाही. २०१३ साली त्याच एंजने उतारवयाला लागलेल्या पिअर्स आणि गार्नेटना ब्रुकलिनला धाडले. गाव हळहळले. पण बदल्यात आलेल्या हक्कांतूनच २०१६ साली जेलन ब्राउन आणि २०१७ साली जेसन टेटम हे पोरगे लाभले. २०२३ च्या उन्हाळ्यात नऊ वर्षे बॉस्टनसाठी अंग झोकून खेळलेला मार्कस स्मार्ट गेला आणि उंचपुरा क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस आला. १ ऑक्टोबरला जरू हॉलिडे आला. जून २०२४ मध्ये अठरावे अजिंक्यपद. जल्लोषाच्या मिरवणुकीत स्मार्ट नव्हता. आणि व्यवहाराचे चाक थांबले का? मे २०२५ मध्ये टेटमच्या टाचेची शीर तुटली. पगाराचा डोंगर नव्या कडक नियमांपुढे पेलेना, म्हणून त्याच उन्हाळ्यात हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांनाही निरोप मिळाला. एका वर्षापूर्वी ज्यांच्यावर फुले उधळली, ते वर्षभरात जमाखर्चाच्या वहीतले आकडे झाले.

म्हणून ‘संघ सुधारला’ हे वाक्य वाचले की मी त्याच्याखाली मनातल्या मनात एक ओळ लिहितो: कोणाच्या बदल्यात? गेलेला माणूस वाईट होता म्हणून गेला, असे जवळजवळ कधीच नसते. त्याला काही किंमत होती म्हणूनच कोणी त्याला घेतले; निरुपयोगी माणसाच्या बदल्यात कोण काय देईल? गार्नेटसाठी मिनेसोटाला गेलेल्या त्या पाचांनी बॉस्टनसाठी जे केले, ते हसत हसत खेळणाऱ्यांनाही साधत नाही: त्यांनी आपले मोल बॉस्टनला देऊन टाकले. करंडकावर त्यांची नावे कोरत नाहीत, मिरवणुकीत त्यांना गाडी नसते. पण सुट्टीतला तो सामना जिंकून दिला त्यांनीच. हुशार व्यवस्थापक कोणाला आणावे हे ओळखतो. थोर व्यवस्थापक, माझ्या मते, ज्याला निरोप द्यायचा त्याला ती बातमी वर्तमानपत्रातून कळण्याआधी स्वतः टेलिफोन करतो.