गिरणीत भेटलेली रेवा

मुंबईत कोणतेही ठिकाण पत्त्याने सापडत नाही, ते खुणेने सापडते. लोअर परळला तर खुणांची एक सबंध पिढी निवर्तली आणि दुसरी नांदू लागली आहे. पूर्वी येथे आधी गिरणीचे नाव सांगत, मग चाळीचे, मग मजल्याचे. आता गिरणीचे नाव तेवढे उरले आहे. ‘अमुक मिल कंपाउंड’ म्हटले की टॅक्सीवाला बिनचूक नेऊन सोडतो. आत शिरावे तर बँका, जाहिरातवाल्यांच्या कचेऱ्या, काचेचे मनोरे आणि एकाला एक लागून उपाहारगृहे! एखादी चिमणी राखून ठेवलेली दिसते, भिंतीवर आजोबांची तसबीर ठेवावी तशी. धूर नाही, भोंगा नाही, आणि खाली उभ्या असलेल्या मोटारींना तिच्याकडे मान वर करून बघायला सवड नाही.

अशाच एका आवारात, २०२३ च्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी, मी ‘इंडियन ओशन’ ऐकायला गेलो. जागेचे नाव सांगत नाही. ते इंग्रजी आहे, आणि अशा जागांची नावे अंक छापून होईपर्यंत टिकतीलच असा भरवसा नसतो.

‘रॉक’ हा शब्द वाचून वडीलधाऱ्या वाचकांनी पान उलटू नये. हे मंडळ दिल्लीचे. सुस्मित सेन हे गिटारवादक आणि तबला वाजवता वाजवता गाणारे अशीम चक्रवर्ती, या दोघांनी ते १९९० मध्ये उभे केले. पुढे राहुल राम आणि अमित किलाम येऊन मिळाले. करोल बागेत खजूर रोडवरच्या एका जुन्या घरात त्यांची तालीम चाले. त्या घराचा नुसता पत्ताच त्यांनी २०१० साली आपल्या गाण्यांच्या एका संग्रहाला नाव म्हणून दिला आणि त्यातली गाणी महिन्याला एक अशी फुकट वाटली. गिटार आणि ड्रम विलायती खरे, पण गाणी कबीराची, लोकगीतांच्या वळणाची. २००० साली आलेले ‘कंदिसा’ तर केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांची जुन्या सिरियाक भाषेतली प्रार्थना आहे. मी विद्यार्थी असताना वसतिगृहातल्या टेपवर ते प्रथम ऐकले. एका शब्दाचा अर्थ कळला नव्हता, पण त्या रात्री भाषाशास्त्राचा अभ्यास झाला नाही हे नक्की.

एकदा मोठ्या मैदानावर मी त्यांना ऐकले होते. तेव्हा ते मला अंगठ्याएवढे दिसले आणि आवाज कोठून तरी खांबावरच्या कर्ण्यांतून आला. म्हणून या वेळी जागा लहान आहे, तीनशे माणसांचीच आहे, असे कळताच तिकिटे काढली. दोन. एक माझे आणि दुसरे मामांचे.

मामांना का नेले, हा प्रश्न घरात सर्वांनी विचारला. मामांचे वय पंचाहत्तरच्या पुढे. ते जावळी खोऱ्यातले. कोयनेच्या धरणाचे पाणी चढले तेव्हा त्यांचे गाव शिवसागराखाली गेले. मामा तेरा-चौदा वर्षांचे होते. अठराव्या वर्षी त्या खोऱ्यातल्या इतर पोरांसारखे मुंबईला आले, खानावळीत जेवले, गाळ्यात पाळीपाळीने झोपले आणि लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात मामा एक. परत आत जाण्याचा योग आला नाही. पुढे त्यांनी भाजी विकली, रखवालदारी केली, मुली उजवल्या. पण त्या रस्त्याने शक्यतो गेले नाहीत. मला वाटत होते, एकदा तरी त्यांनी तेथे पाहुणा म्हणून, मानाने, तिकीट काढून आत जावे. मामांनी मात्र तिकिटाची किंमत विचारली आणि “एवढ्यात आमचं दोन म्हैन्याचं रेशन यायचं” म्हणून टोपी चढवली.

जागा त्यांच्या गिरणीत नव्हती, शेजारच्या गिरणीत होती. दारावरच्या तगड्या तरुणाने आमच्या मनगटावर कागदी पट्टा बांधला. मामांनी तो उलटसुलट करून पाहिला. “बिल्ला होय! आमचा पितळेचा होता,” म्हणाले. आत जाताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दुसरा दरवाजा कुठं हाय?” प्रश्न रास्त होता. डिसेंबर २०१७ मध्ये येथून जवळच, कमला मिलच्या आवारात, गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत चौदा माणसे गेली. दुसरा दरवाजा होता. तो पाहून, उघडतो की नाही याचीही खात्री करून घेऊन मामा बसले. खरे म्हणजे बसायला जागा नव्हतीच, सगळे उभे होते. टोपीतले म्हातारे गृहस्थ पाहून एका मुलीने कोठून तरी उंच स्टूल पैदा केले आणि मामांना भिंतीशी टेकवून दिले.

छपराखाली जुन्या लोखंडी तुळया तशाच होत्या. मामांनी एकीकडे बोट दाखवून काही सांगितले, ते मला ऐकू आले नाही. साचेखात्यात आयुष्य काढलेली माणसे ओठांच्या हालचालीवरून आणि हातवाऱ्यांनी बोलतात, कारण शेकडो साचे एकदम चालू असताना तोंडातला शब्द कानापर्यंत पोचतच नसतो. पुढे पुढे कानही जातात. मामांचे निम्मे गेले आहेत. मला वाटलेली धास्ती, की या दणदणाटाने त्यांना त्रास होईल, अगदीच अनाठायी ठरली. तीनशे माणसांत न ओरडता बोलू शकणारे तेथे ते एकटेच होते.

लहान जागेतले गाणे म्हणजे काय, ते पहिल्या पाच मिनिटांत कळले. दहा हातांवर मंच. राहुल रामांची बोटे बेसच्या जाड तारांवरून सरकताना दिसत होती, आणि अमित किलामांनी ठेका बदलण्याआधी नुसते डोळ्यांनी विचारलेले दिसत होते. हे डोळ्यांचे विचारणे ध्वनिमुद्रिकेत येत नाही. एकदा मध्येच दोघे कशालातरी हसले आणि पुढची दोन आवर्तने त्या हसण्यातच वाजली. अशीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले, सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. आज त्या जागी हिमांशु जोशींचा गळा, तुहीन चक्रवर्तींचा तबला, निखिल रावांची गिटार आहे. चांगले आहेत, फार चांगले आहेत. तरीही काही ओळींना माझा कान जुन्या आवाजाची वाट पाहत थांबे, आणि नवा आवाज आपला पुढे निघून जाई. आपल्याकडे नाट्यगीतांच्या श्रोत्यांनी हेच दुःख तीन पिढ्या जपले आहे, तेव्हा त्याचे मी फार कौतुक करीत नाही.

मग ‘माँ रेवा’ आले. नर्मदेच्या खोऱ्यातले हे लोकगीत. राहुल राम हे विषशास्त्रात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले गृहस्थ. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात ते नर्मदा बचाओ आंदोलनात होते. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या महाराष्ट्राचीही तेहतीस गावे येतात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, मणिबेली त्यांतले पहिले. गाणे त्या बुडण्याविषयी काहीच बोलत नाही, ते नदीच्या पाण्याचे नुसते कौतुक करते. सभोवतालची सारी पोरे हातात पेले घेऊन ते पाठ म्हणत होती.

बंद पाडलेल्या गिरणीत, महागड्या पेयांच्या संगतीने, बुडालेल्या खोऱ्याचे गाणे! यावर उपरोधाची दोन पाने लिहिणे सोपे आहे, आणि माझे काही सहकारी ती उत्तम लिहितील. मला ते पटत नाही. गाणे कोठेतरी तोंडात राहायला हवे. ते धरणग्रस्तांच्या सभेत राहिले तर उत्तमच, पण येथे राहिले म्हणून विटाळत नाही. स्टूल आणून देणाऱ्या त्या मुलीला मी नंतर विचारले, तर तिला मणिबेली ठाऊक होते. या गाण्यामुळेच तिने नकाशात शोधले होते.

मामांनी माझी बाही ओढली. “कुठली नदी?” त्यांनी ओठांनी विचारले.

“नर्मदा.”

“धरणाची?”

मी मान हलवली. मामांनी हाताचा पंजा शेजारच्या लोखंडी खांबावर ठेवला आणि गाणे संपेपर्यंत काढला नाही. बेसचा नाद खांबातून येत असावा. टाळ्या ओसरल्यावर ते म्हणाले, “आमच्या कोयनेचं कुणी असं बांधलं नाही.” मग थोड्या वेळाने, “आई म्हणायची जात्यावर. कोयनेच्या ओव्या होत्या. मला येत न्हाईत. पोरगा होतो, ध्यान दिलं नाही.”

तेवढ्यात ‘बंदे’ सुरू झाले. १९९३ च्या बाँबस्फोटांवरच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटातले ते गाणे, मुंबईत त्याला वेगळाच दाद मिळायचा हक्क आहे आणि तो त्या रात्री पुरेपूर मिळाला. ‘कंदिसा’ शेवटी झाले. माझे अर्धे लक्ष ओव्यांकडे होते.

बाहेर आलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मामांनी टॅक्सीला नकार दिला आणि भिंतीच्या कडेने चालत पुढच्या गिरणीचे फाटक कोठे होते, चहावाला कोठे बसे, दुसरी पाळी सुटल्यावर भजन कोठे चाले, ते हातवारे करून सांगितले. फाटकाच्या जागी आता मोटारी ठेवायचा उतार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन आईपुढे बसलो. आई मामांहून तीन वर्षांनी मोठी, आणि आजीच्या जात्याशी बसायचे काम मुलीचे, म्हणून तिच्या कानावर त्या रोज पडत. “आता कशाला रे त्या?” म्हणत म्हणत तिने तांदूळ निवडायला घेतले, आणि सूप हलू लागल्यावर एकेक ओळ येऊ लागली. दोन ओव्या पुऱ्या झाल्या. तिसरीत कोयनेचे नाव येते आणि पुढे अडते. उरलेल्या अर्धीसाठी तिने कऱ्हाडच्या मावशीला फोन लावायला सांगितला.