भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर

आरोंद्याला तेरेखोल नदी रुंद आणि संथ होते. पलीकडचा काठ गोव्याच्या पेडणे तालुक्यातला, अलीकडचा आमचा. मध्ये खाडीचे मचूळ पाणी आणि काठाला कांदळवन.

यजमानांना पक्षाघात होऊन तीन वर्षे झाली. उजवी बाजू अशक्त राहिली, बोलणे अडखळू लागले. हळूहळू घरातले आमचे संभाषण औषध, जेवण आणि रक्तदाब यांपुरतेच उरले. कामाच्या थकव्यापेक्षा हे आटत गेलेले बोलणे मला अधिक जड जाई. दूर फिरायला जाणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून काठाजवळच्या आंब्याच्या सावलीत दोन खुर्च्या मांडल्या.

बसल्या जागी बरेच काही दिसते. ओहोटीला चिखल उघडा पडला की निवट्या उड्या मारू लागतात. अंगाची त्वचा ओली असेपर्यंत हा मासा पाण्याबाहेरही श्वास घेऊ शकतो. चिमुकले खेकडे एकच मोठी नांगी हलवून मादीला बोलावतात. खंड्या पकडलेला मासा फांदीवर आपटून मगच गिळतो. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली मीनखाई घार पाय पुढे करून पाण्यावर झेपावते आणि मासा डोक्याकडून पुढे धरून नेते.

ओहोटी केव्हा, हे आता हेच सांगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. तृतीयेला सव्वादोन, त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आसपास, ओहोटी. नदीत आतवर थोडा उशीर होतो. डाव्या हाताच्या बोटांवर ते हा हिशेब मांडतात. दिवसाला गोळ्यांच्या वेळांखेरीज दुसरे वेळापत्रक मिळाले.

त्यांचे दुखणे बरे झाले, असे मी म्हणणार नाही. उजवा हात तसाच आहे. पण निवटी बिळातून केव्हा वर येईल हे दोघांनाही ठाऊक नसते. वाट दोघांनाही सारखीच पाहावी लागते. तेवढा वेळ मी शुश्रूषा करणारी नसते आणि ते रुग्ण नसतात. मग कधीतरी डावा हात उंचावून तेच मला सांगतात, "तो बघ, इलो!"

ज्यांना असे बसणे जमण्याजोगे आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून अर्ध्या तासापासून आरंभ करावा. खुर्ची हातांची आणि स्थिर असावी, जमीन कोरडी व सपाट असावी. माडाखाली बसू नये. टोपी, पिण्याचे पाणी आणि ठरलेली औषधे जवळ ठेवावीत. चिखलात उतरू नये, पक्ष्यांना खाऊ घालू नये. नदी जवळ नसेल तर खिडकीसमोरचे एखादे झाडही पुरते. मात्र खुर्च्या दोन मांडाव्यात.